बेलोऱ्याचा फोटो

कुत्र्यानं आधी ट्रायपॉड हुंगला, मग बॅग, आणि बॅगेच्या मागच्या कप्प्यापाशी येऊन तो थांबला. पोलिसानं सत्यवतीकडे पाहिलं.

"यात काय हाये?"

"काही नाही. शेंगदाण्याचा लाडू असन."

तिनं चेन उघडली. लाडवाचा चुराच उरला होता, प्लास्टिकच्या पिशवीत. तिच्या नवऱ्याची, शेषरावांची साखर एकदम उतरायची, म्हणून ती बॅगेत लाडू ठेवत असे. पोलीस "ठीक हाये, चला पुढं" म्हणाला तरी ती पिशवी हातात धरून उभीच राहिली. ती कुठे टाकावी हे तिला सुचेना. मागची माणसं खोळंबली, तेव्हा तिनं ती होती तिथेच ठेवून दिली आणि चेन लावली.

बेलोऱ्याच्या विमानतळावर त्या दिवशी राष्ट्रपती उतरणार होते. अमरावतीत एक कार्यक्रम होता. पत्रकारांसाठी धावपट्टीपासून बऱ्याच अंतरावर दोर बांधून जागा केली होती. वर मांडव होता, पण ऊन तिरपं आत येत होतं. दोराला लागून कॅमेरेवाले उभे होते. सगळे ओळखीचे. सत्यवती आली तशी त्यांनी वाट करून दिली. एकानं खुर्ची पुढे केली. दुसरा "जयभीम, वयनी" म्हणाला आणि लेन्स पुसत बसला.

शेषराव तायडे जाऊन महिना होत आला होता. अमरावतीच्या एका दैनिकासाठी त्यांनी उभा जन्म फोटो काढले. सभा, मोर्चे, अपघात, बोर्डात आलेली पोरं, संत्र्याच्या मंडीतले ढीग, सगळं. गल्लीतला, घराच्या पुढच्या खोलीतला छोटा स्टुडिओ सत्यवती सांभाळायची. पासपोर्टचे फोटो, जातपडताळणीसाठी जुन्या कागदांच्या झेरॉक्स, अधूनमधून लग्नं. मुलगी दीक्षा अकोल्याला नर्स. तिच्याकडे दोघं चार दिवस राहायला गेले होते. सकाळी चहा पिताना शेषरावांच्या हातातून कप सुटला. सत्यवती फडकं आणायला उठली. त्यांच्या हातून कप सुटणं नवं नव्हतं. फडकं घेऊन ती परत येईस्तोवर दीक्षा त्यांच्या छातीवर दोन्ही हात ठेवून जोर देत होती.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. "आई, स्टुडिओ बंद कर अन् इकडे ये," असं दीक्षा रोज फोनवर सांगत होती. सत्यवती हो म्हणत होती. तिला रडू येत नव्हतं. लोक येऊन रडून जायचे, ती त्यांना पाणी द्यायची.

मग दैनिकातून अश्विनचा फोन आला. तो डेस्कवर काम करायचा. आधी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला.

"काकू, राष्ट्रपती येऊन राहिले न. पाससाठी आपून काकांचं नाव धाडलं होतं. अन् मदतनीस म्हणून तुमचं. पोलिसांनी दोन्ही मंजूर केले. आता नवीन पास होत नाही म्हणतात. तुमी जासान का? विमान उतरतानाचा एखादा फोटो भेटला तरी चालते."

ती हो म्हणाली. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

मदतनीस हा शब्द शेषरावांनीच काढला होता. दोनेक वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी बोटं, मग मनगट. औषधानं थोडा फरक पडायचा, पण कॅमेरा डोळ्याला लावला की थरथर वाढायची. फोटो हललेले यायला लागले. तेव्हा एका रात्री जेवताना ते म्हणाले, "तू चाल माह्यासंगं. बॅग धरायले मदतनीस आणली म्हणून सांगतो." एवढंच बोलणं झालं. पुढे प्रत्येक ठिकाणी ती बॅग घेऊन गेली. गर्दीत दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहत. दोघांच्याही डोळ्याला कॅमेरा. क्षण आला की शेषराव घशातल्या घशात "हं" म्हणत आणि ती बटण दाबे. घरी आल्यावर तिनं काढलेले फोटो कचेरीत जात आणि सकाळी पेपरात छापून येई, छायाचित्र : शेषराव तायडे. त्यावर दोघं कधी बोलले नाहीत. ते पेपर पाहत, चष्मा काढत आणि घडी घालून तिच्या बाजूला सरकवत.

"वयनी, इकडे या."

देवराव होता. दुसऱ्या पेपरचा फोटोग्राफर, शेषरावांच्याच बरोबरीचा. दोराच्या कोपऱ्यात, जिथून विमानाचं दार सरळ दिसणार होतं, तिथे त्यानं आपला ट्रायपॉड बाजूला करून जागा केली.

"तुमी कुठं उभे राहसान मंग?"

"मी मांगून काढतो. मी उंच हावो."

ती उभी राहिली. देवराव तिच्या मागे वाकून, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं बोलला.

"त्याचा हात थरथरे, मले माईत होतं. तुमी काढत होत्या तेही माईत होतं. मी कोणाले बोललो नाही, वयनी."

सत्यवतीनं मान हलवली. तिला वाटलं, आता आपल्याला रडू येईल. काहीच झालं नाही. धावपट्टीवर गवत वाकत होतं आणि कुंपणापलीकडच्या शेतातला कापूस पांढरा दिसत होता.

"आलं, आलं," कोणीतरी म्हणालं.

विमान आधी ठिपक्यासारखं दिसलं, मग आवाज आला. चाकं टेकली तसा धुराचा छोटा ढग उठला आणि विरून गेला. विमान वळून समोर येऊन थांबलं. शिडी लागली. अधिकारी, मंत्री, पोलीस ओळीनं उभे राहिले. सत्यवतीनं कॅमेरा डोळ्याला लावला. दार उघडलं. राष्ट्रपती दारात आले, क्षणभर थांबले आणि त्यांनी दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

आजूबाजूला कॅमेरे खटखटले. सत्यवतीला सगळं चौकटीत स्वच्छ दिसत होतं, जोडलेले हात, मागचं काळं दार, शिडीच्या कठड्याची उडणारी झालर. तिचं बोट बटणावर होतं. ती वाट पाहत होती.

हात खाली आले. राष्ट्रपती शिडी उतरायला लागले.

आपण कशाची वाट पाहत होतो हे तिला तेव्हा कळलं.

एकही फोटो आलेला नव्हता. खाली पुष्पगुच्छ झाले, हस्तांदोलनं झाली, सगळ्यांच्या पाठी पत्रकारांकडे. कॅमेरेवाल्यांनी कॅमेरे खाली घेतले. ज्याला त्याला आपापला नमस्कार नीट आला की नाही ते पाहायचं होतं. माना स्क्रीनवर वाकल्या. सत्यवतीपाशी पाहायला काही नव्हतं, म्हणून तिनं डोळ्याचा कॅमेरा काढला नाही.

ओळ संपली होती. अधिकारी गाड्यांची दारं उघडायला पुढे धावले, मंत्री एकमेकांशी बोलत मागे रेंगाळले आणि राष्ट्रपती विमानाच्या पंखाच्या सावलीबाहेर एकटे उभे राहिले. हातातला गुच्छ कोणीतरी घेऊन गेलं होतं. त्यांनी कपाळावर आडवा हात धरला, डोळे बारीक केले आणि कुंपणापलीकडे त्या मोकळ्या शेताकडे पाहिलं. कुठे आलो आहोत हे विचारायला बाजूला कोणी नसलेल्या पाहुण्यासारखे.

तिनं बटण दाबलं. एकदाच. मग कोणीतरी लगबगीनं आलं आणि ते गाडीत बसले.

"आला का?" देवरावनं विचारलं.

"नमस्कार हुकला."

देवराव स्वतःचा कॅमेरा पुढे करत म्हणाला, "यातला एखादा देऊ का? माह्याकडे बरेच हायेत."

"नोका देऊ. आला तसा आला."

स्टुडिओत येऊन तिनं फोटो पाठवला. नमस्कार हुकला हेही सोबत लिहिलं. मग बाहेर थांबलेल्या भातकुलीच्या एका बाईचे रेशनकार्डासाठी फोटो काढून दिले. कुकर लावला. दिवेलागणीला अश्विनचा फोन आला. त्याचा आवाज बदललेला होता.

"काकू, संपादकांनी पहिल्या पानावर घेतला. मोठा. सगळ्यांकडे नमस्कारच हाये. हा कोणापाशी नाही. तुमी कसं काय टिपलं हे?"

"मी पाहून राहिली होती."

"एक विचारायचं होतं." तो अडखळला. "कॉम्प्युटरवर तुमच्याकडल्या फोटोखाली आपोआप काकांचं नाव येते. मी आत्ताच पाह्यलं. ते ठेवू का बदलू? तुमी म्हणसान तसं."

स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली. ठेवा म्हटलं असतं तर उद्या सकाळी नेहमीसारखाच पेपर आला असता. फक्त तो पाहून घडी घालायला घरात कोणी नव्हतं.

"बदला," ती म्हणाली.

"बरं झालं, काकू. मीही तेच म्हणत होतो. पयल्याच फोटोले पयलं पान, असं आमच्या कचेरीत कोणाचं झालं नाही. पयलाच न हा तुमचा?"

समोर भिंतीवर वर्षानुवर्षांची कात्रणं चिकटवली होती. खालच्या दोन ओळी तिच्या होत्या. पुरात बुडालेला पूल, धारणीच्या जीपवर लटकलेली माणसं, निकालाच्या दिवशी आईच्या गळ्यात पडलेली पोरगी. प्रत्येकाखाली तेच नाव.

"हो," ती म्हणाली. "पयलाच."

"पूर्ण नाव सांगा मंग."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सत्यवती शेषराव तायडे."

"जरा हळू. लिहून राहिलो."

तिनं पुन्हा एकेक शब्द सांगितला. मधल्या नावापाशी तिचा आवाज फाटला. तिकडे अश्विन थांबला, मग त्याच्या बोटांखालच्या कळांचा आवाज पुन्हा सुरू झाला, आणि तो थांबेपर्यंत ती फोन कानाला धरून उभी राहिली.