मानेला हिसका

देवळाली प्रवऱ्याचा प्रशांत मास्तर खर्ड्याला मुलगी बघायला गेला, तेव्हा त्याची मान खुंटीसारखी ताठ होती. आदल्या दिवशी राहुरीजवळ गतिरोधकावर त्याच्या जीपला उसाच्या ट्रॅक्टरनं मागून ठोकलं होतं. जीपचा मागचा दिवा फुटला, खरचटलं कुणालाच नाही, सगळे हसत घरी आले. सकाळी उठून बघतो तर मान हलेना.

"तिथं बोलायचं न्हाई," आसाराममामांनी बजावलं. "पोरात खोट हाय म्हनतील."

यशोधरा समोर आली आणि मास्तरांचं भानच हरपलं. जामखेडच्या दवाखान्यात नर्स असलेली ही मुलगी लाजायचं सोडून त्याच्याकडं सरळ बघत होती. लग्न करीन तर हिच्याशीच, असं त्यानं चहा यायच्या आतच ठरवून टाकलं.

मग वंदना झाली. बुद्धाच्या मूर्तीपुढं आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं सगळं घर वाकलं. प्रशांत तेवढा हात जोडून, नाक वर करून उभा. मुलीचे वडील रंभाजी लालबुंद झाले.

"ज्याची मान हितं वाकत न्हाई, त्याला माझी लेक न्हाई. या आता. जयभीम."

प्रशांत गयावया करायला अख्ख्या अंगानं त्यांच्याकडं वळला.

"थांबा," यशोधरा म्हणाली. "गाडीला मागून धडक बसली होती का?"

"काल," तो बोलून गेला.

"जराशी आखडलीय वो," म्हणत मामांनी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं. "एका झटक्यात मोकळी करतो."

"हात काढा."

मामांनी मुकाट्यानं काढले. तिनं प्रशांतला बसवलं, मानेचे मणके हलकेच चाचपले.

"बोटांना मुंग्या येतात? चक्कर?"

"मुंग्या नाहीत. चक्कर तुम्ही आल्यापासून येतेय."

छबूबाईंनी, मुलीच्या आईनं, तोंडाला पदर लावला.

"माझे हात दाबा. जोरात." त्यानं दाबले. "बस." त्यानं सोडले नाहीत.

"आण्णा, मानेला हिसका बसलाय," हात सोडवत ती वडिलांना म्हणाली. "असं दुखणं दुसऱ्या दिवशी वर येतं. हाड शाबूत वाटतंय, पण एक्स-रे काढायला हवा. मी नेते जामखेडला."

"तू कशापायी? त्याचे मामा हायेत की."

"मामांच्या हाती ही मान परत द्यायची नाही. ही आता माझ्याकडं राहील."

रंभाजींनी लेकीकडं बघितलं, मास्तरांकडं बघितलं, आणि हसू दाबत बायकोला म्हणाले, "छबू, साखर आन."