मोडायला केलेली नळी

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी चाचणीगृहातली खुर्ची सोळा फुटांवरून खाली पडली. तिच्यावर माणसाच्या वजनाचा पुतळा पट्ट्यांनी बांधलेला होता. आवाजासरशी भिंतीलगत उभ्या असलेल्या लेथवाल्या मामांनी डोळे गच्च मिटले.

ही खुर्ची हेलिकॉप्टर-रुग्णवाहिकेत बसवायची होती. तिच्याखालची धक्का सोसणारी नळी मामांनी कातलेली. त्यांची लेक त्याच रुग्णवाहिकेत नर्स होती. लेक बसायची म्हणून मागच्या आठवड्यात मामांनी नळी गुपचूप केसभर जाड ठेवली. त्या चाचणीत खुर्ची पडली, पण नळीवर ओरखडाही उठला नाही.

“मामा, तुमची नळी ठणठणीत आहे,” पुतळ्याच्या कण्यावरचा भार वाचत इंजिनिअरबाई म्हणाल्या होत्या. “सगळा मार कण्याला बसला. माणूस गेला.”

मामांनी मान खाली घालून चूक कबूल केली आणि आजच्या नळ्या बरोबर मापात कातल्या. चाळीस वर्षं न मोडणाऱ्या वस्तू घडवल्यावर मोडणारी नळी कातायची, म्हणजे पैलवानाने हरायचा सराव करायचा.

“डोळे उघडा आता,” आज बाई म्हणाल्या आणि त्यांनी पडद्यावर आत्ताचंच पडणं संथ गतीने लावलं.

खुर्ची आपटली. नळीचं तोंड बाहेर वळलं आणि शर्टाची बाही उलटावी तशी नळी उलटत गेली. कुठे चीर नाही, सुरकुती नाही. वीतभर पोलादाने सगळा मार पोटात घेतला आणि पुतळा झोपेत कूस बदलावी तसा खाली टेकला.

“किती वेळ लागला याला?”

“तुमची पापणी मिटली ना, तेवढा.”

मामांनी ते चार वेळा लावायला लावलं.

“मामा, पाचव्या खेळाला तिकीट पडेल हं!” फोरमन म्हणाला.

मामा हसले नाहीत. “जन्मभर या पोलादाला कापलं, तासलं,” ते हळूच म्हणाले. “याला हे येतं, हे मला ठाऊकच नव्हतं.”

लागोपाठ तीन चाचण्या पार पडल्या तरच रुग्णवाहिकेतल्या जुन्या खुर्च्या निघणार होत्या. दुसरी एक वाजता झाली. भार मर्यादेत राहिला. पावणेतीनला लेकीचा फोन आला, “बाबा, निघतेय. घाटात बस उलटलीय.”

तीन वाजून पाच मिनिटांनी तिसरी खुर्ची मनोऱ्याच्या टोकाला पोचली होती. तिला धरून ठेवणारी कडी अजून सोडलेली नव्हती. लेक हवेत होती, जुन्याच खुर्चीवर.