बिघडलेलाच हवा

“चालू नकोय मला,” मास्तर म्हणाले. “बिघडलेला दाखवा.”

जुन्या वस्तूंच्या दुकानदाराने कानातली काडी बाहेर काढली. वर झाकणाखाली तबकड्या, खाली रेडिओ, असं ते रेडिओग्रामचं कपाटाएवढं धूड घ्यायला येणारी माणसं तशीही थोडी बिघडलेलीच असतात, हा त्याचा अनुभव होता. पण अशी मागणी पहिलीच.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईचे. दुकान बंद होऊन वर्षं लोटली तरी टेप गळ्यातच. त्यांनी रेडिओग्रामांची रीतसर मापं घेतली. एक कमरेत फारच घेरदार निघाला. दुसरा अंगाबेताचा होता, पण नुसती थाप मारली तर खरखरला, म्हणून बाद. कोपऱ्यातल्याचं बटण फिरवलं, सुई ठेवली, पाठीत चापट दिली. ढिम्म. मास्तरांचा चेहरा उजळला.

“हा कधीच दुरुस्त होणार नाही ना?”

“ट्रान्सफॉर्मर जळालाय. तसा आता मिळत नाही.” दुकानदार ओशाळला. “शोभेला हवाय का, काका?”

मास्तर हो म्हणाले. खरं सांगायला जीभ रेटेना. बायको आपल्याला ओळखत नाही हे परक्याला सांगायचं म्हणजे भर रस्त्यात आपल्याच पॅन्टची उसवलेली शिवण दाखवायची.

मास्तरीणबाई एकेक माणूस विसरत गेल्या आणि रांगेत नवऱ्याचाही नंबर लागला. घरात परपुरुष बघून त्या झाडू घेऊन धावत. मास्तर जिन्यात झोपू लागले. बाबा, असं किती दिवस चालणार, आईला संस्थेत ठेवू या, असं लेकीने निर्वाणीचं सांगितलं. मग एका सकाळी बाईंनी दार किलकिलं केलं.

“रेडिओवाले ना तुम्ही? कधीचा निरोप धाडलाय.”

मास्तर हो म्हणाले आणि स्वतःच्या घरात शिरले. पण घरचा रेडिओग्राम केव्हाच भंगारात गेला होता. दुरुस्तीला नेलाय, घेऊन येतो, अशी त्यांनी थाप मारली. आता तो आणायचा आणि मरेपर्यंत दुरुस्त करत बसायचं, एवढाच बेत.

दुपारी हमालांनी रेडिओग्राम खिडकीखाली ठेवला. जाताना एकजण म्हणाला, शेठनी लावून बघायला सांगितलंय. मास्तर मनात हसले.

त्यांनी कात्रीच्या टोकाने मागचे स्क्रू सैल केले, पुन्हा आवळले. बाईंनी चहा आणला, कान तुटलेल्या कपात. मास्तरांचा कप फळीवर पालथा होता.

“आमचे हे फार ऐकायचे,” बाई शेजारी टेकल्या. “कापड बेतता बेतता.”

“कसे आहेत तुमचे हे?”

“तापट. पण शिवण सरळ हो.”

मास्तरांनी एक स्क्रू उगाचच सहा वेळा फिरवला. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांची अशी तारीफ झाली नव्हती. हे काम बरंच चालेल, असं त्यांनी सांगितलं. रोज यावं लागेल.

“या की,” बाई म्हणाल्या, आणि सहज वायर खोचून बटण फिरवलं.

आत पिवळा दिवा लागला. घसा खाकरल्यासारखं झालं आणि कुठलीशी सनई घरभर पसरली. भल्या दुकानदाराने दुसऱ्या रेडिओग्रामचं पोट फाडून त्याचा ट्रान्सफॉर्मर यात घातला होता. भलेपणावर औषध नाही.

बाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. मग पदराने डोळे पुसून उठल्या आणि दार उघडून उभ्या राहिल्या.

“हाताला यश आहे तुमच्या. निघा आता. आमचे हे येतील इतक्यात.”

मास्तरांनी कात्री खिशात घातली. उंबऱ्यात येऊन चपलांत पाय सरकवले.

“अहो, त्या राहू द्या,” बाई म्हणाल्या. “ह्यांच्या आहेत.”

मास्तरांनी चपला काढल्या, भिंतीशी जोडीने नीट लावल्या आणि अनवाणी जिना उतरू लागले. वर दार उघडंच होतं. बाई वाट बघत होत्या.