नाशिकच्या सरळ रेषेत

"झोपते म्हंजे?" आशाबाईंनी विचारलं. चहाचा ट्रे अजून त्यांच्या हातातच होता, त्यामुळे कप समोरच्या मुलीच्या नाकापुढे येऊन तसेच थांबले.

मुलगी अर्पिता. नाशिककडच्या एका वाइन कंपनीची माणूस. सकाळी जीपने जानेफळात आली, आशाबाईंच्या द्राक्षबागेतून फिरून आली आणि आता ओट्यावर बसली होती. वाईट बातमी सांगायची असली की कंपन्या गोड आवाजाचं माणूस पाठवतात, आणि गोड आवाजाची माणसं आधी बराच वेळ भलत्याच विषयावर बोलतात. तशी ती फ्रान्समधल्या द्राक्षवेलींवर बोलत होती.

"झोपते म्हणजे झोपतेच, काकू. तिकडे हिवाळ्यात वेलीची सगळी पानं गळतात. आतला रस फिरायचा थांबतो. तीन-चार महिने नुसतं लाकूड. वर बर्फ पडला तरी तिला पत्ता नसतो."

"अन् कोणी उठवत नाई?"

"नाही. थंडी सरली की आपली आपण उठते."

"छाटणी मंग?"

"वर्षातून एकदाच मोठी. तीही ती झोपेत असतानाच करतात."

आशाबाईंनी ट्रे खाली ठेवला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. पाहुण्यांसमोर बसायची त्यांना सवय नव्हती. खरं तर बसायचीच नव्हती.

"समशीतोष्ण कटिबंध," खुर्चीतून आशाबाईंचे यजमान उत्तमराव सर म्हणाले. "तीस ते पन्नास अक्षांश. जर्मनीत नदीकाठच्या उतारावर ऊन धरून ठेवलं जातं, म्हणून तिथे पांढरी द्राक्षं. फ्रान्समध्ये समुद्राची ओल पोचते तिथे एक जात आणि डोंगराआड कोरडं पडतं तिथे दुसरी. देश एकच, पण गाव बदललं की दारू बदलते."

सर परवाच तिकडून आल्यासारखे बोलत. प्रत्यक्षात ते औरंगाबादच्या पलीकडे गेलेले नव्हते. पण शाळेत त्यांनी इतकी वर्षं भूगोल शिकवला होता, की जगातले वारे त्यांना विचारून वाहतात असा त्यांचा आणि काही विद्यार्थ्यांचा समज होता.

बाग लागली ती एका फूटपट्टीपायी. निवृत्तीच्या दिवशी शाळेने सरांना शाल, नारळ आणि महाराष्ट्राचा जुना नकाशा दिला. नकाशा फाटका होता, त्यामुळे तो कुणाला तरी देणं शाळेलाही भागच होतं. सरांनी तो बैठकीत लावला आणि सहज त्यावर पट्टी ठेवली. एक टोक नाशिकवर. पट्टी सरळ पूर्वेला निघाली आणि अंगठ्याएवढाही फरक न करता जानेफळावरून गेली.

"आशा! आपण नाशिकच्या सरळ रेषेत आहोत!" सर ओरडले होते.

आशाबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांना वाटलं, नाशिकची एसटी सुरू झाली.

त्या वर्षीच विहिरीजवळच्या एका एकरात वाइनच्या द्राक्षांचा मांडव उभा राहिला. पट्टीवर मधल्या गोष्टी दिसत नाहीत. नाशिकच्या पाठीशी सह्याद्री आहे आणि तिथली संध्याकाळ गार होते, हे पट्टीने सांगितलं नाही. जानेफळात मार्च लागला की रात्र म्हणजे दिवसाचीच झाकून ठेवलेली धग. गावाने मात्र लगेच सरांना 'दारूवाले सर' करून टाकलं. सर स्वतः खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन पीत. कंपनीने भेट दिलेली बाटली फडताळात तेलाच्या डब्यामागे अजून सीलबंद उभी होती आणि आशाबाई दर दिवाळीला तिच्यावरची धूळ पुसत.

चहा संपला तशी अर्पिता मूळ मुद्द्यावर आली.

"काका, तुमच्या द्राक्षांत साखर फार लवकर चढते आणि आंबटपणा उडून जातो. चव धरायला गार रात्र लागते. तुमच्या मशागतीत काही कमी नाही. रात्रच कमी पडते. यंदापासून कंपनी माल घेणार नाही."

सर उठून आत गेले, नकाशासमोर उभे राहिले आणि परत येऊन बसले. जानेफळ जागेवरच होतं.

"तिकडली वेल किती वर्सं जगते वं?" आशाबाईंनी विचारलं.

"साठ, सत्तर. काही शंभरीच्याही आहेत."

"अन् आपली?"

"इकडे बारा-पंधरा वर्षांत थकते. थंडीच नाही ना काकू, म्हणून ती कधी पुरती झोपत नाही. आपण एप्रिलमध्ये छाटतो, ऑक्टोबरमध्ये पुन्हा छाटतो, वर काडीच्या डोळ्यांना, जिथून कोंब निघतो तिथे, औषध लावून तिला फुटायला लावतो."

औषधाचं आशाबाईंना कुणी सांगायला नको होतं. सर मांडवाबाहेर खुर्ची टाकून बसत आणि आत आशाबाई, मजुरीला येणारी इमामबी आणि आणखी चार बाया मान वर करून काडी काडी छाटत, डोळ्या-डोळ्याला औषध पुसत. हातमोजे घातले तरी बोटांची सालं निघत. संध्याकाळी मान खाली यायला तयार नसे. आशाबाई भाकरी थापताना आढ्याकडे बघत, आणि सरांना वाटे, हिला काही सुचतंय.

एप्रिलची छाटणी लग्नसराईत यायची आणि ऑक्टोबरची दिवाळीच्या आगेमागे. छाटणीमागे औषध, औषधामागे नको ते फुटवे खुडणं. त्यांचा धाकटा भाऊ भागवत चिखलीत राहायचा. लांब नव्हे, पण भाऊबीजेला आशाबाई सकाळच्या गाडीने जायच्या, ओवाळायच्या आणि ताट खाली ठेवलं की पिशवी उचलायच्या. "पुढल्या साली मुक्कामाले येईन," हे त्या दरवर्षी म्हणत. भागवत दरवर्षी "हाव" म्हणे आणि स्टँडवर सोडायला येई. बाग लागल्यापासून माहेरच्या छपराखाली त्यांची पाठ एकदाही टेकली नव्हती.

जीपची धूळ बसली तसे सर म्हणाले, "दुसरी कंपनी पाहता येईल. ऑक्टोबरची छाटणी मात्र वेळेवर व्हायला हवी. भाऊबीज झाली की सोमवारी लागायचं, बायकांना सांगून ठेव."

"नाई."

"काय नाही?"

"औंदा छाटणी नाई. मी भागवताकडं चालली. मुक्कामी."

"आणि बाग?"

"बाग झोपन."

"अवं, इथं नाई झोपत ते!" सर संतापले की त्यांची प्रमाण मराठी पहिल्या फटक्यात गळून पडे. "त्या पोरीनं आत्ताच सांगतलं ना! थंडीच नाई तं झोपन कशी?"

"मंग जागी राहू द्या. पण उठवू नका तिले."

सरांनी मनातल्या मनात सगळे कटिबंध पालथे घातले. मग त्यांनी विचारलं, "अन् मी काय खाऊ?"

"खिचडी करता येते ना?"

"येते. कुकरच्या शिट्या किती घ्यायच्या?"

"जर्मनीत किती घेतात, पाहा नकाशात," आशाबाई म्हणाल्या आणि भांडी उचलून आत गेल्या.

भाऊबीजेला इमामबी एसटीच्या थांब्यावर भेटली. छाटणी नाही हे तिला तेव्हाच कळलं.

"या अल्ला! कैचीले धार लावून आणली ना मी कालच."

"तुह्या घरी कोणाले तरी छाट."

"आमच्या बुढ्याले छाटून काय फुटन वं भाभी?"

दोघी हसल्या. मग इमामबीने पदर सारखा केला आणि हळूच विचारलं, "पुढल्या साली तं हाये ना काम?"

आशाबाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात गाडी आली. गाडी आल्याचं असं बरं वाटायची त्यांची ही पहिलीच वेळ. खिडकीतून मांडव दिसला. कोणी हात न लावलेल्या वेलींना हिरवीगार पानं होती. एकही गळलं नव्हतं.

चिखलीत ओवाळणं झालं. ताट खाली ठेवताच सवयीने आशाबाईंचा हात पिशवीकडे गेला. भागवतने ती आधीच उचलून कपाटावर टाकली होती, आपल्यालाही सहज काढता येणार नाही अशी.

"मुक्कामी आली नं बाई? मंग निज आता. जेवली, झालं. निज."

"भर दुपारची?"

"काऊन, दुपारी मनाई हाये का?"

भावजय अन्नपूर्णाबाईंनी आतल्या खोलीत गादी घातली, वर धुतलेली गोधडी दिली. खिडकीवर जुनं लुगडं टाकून अंधार केला. टीव्ही बंद झाला. स्वयंपाकघरातली भांडी तशीच राहू दिली. बाहेर भंगारवाला ओरडत आला, तर भागवत चपला न घालता धावला आणि त्याला दोन गल्ल्या पुढे नेऊन सोडून आला. एका माणसाच्या झोपेसाठी सगळं घर कामाला लागलं होतं.

आशाबाई पडून राहिल्या. पंखा फिरत होता. झोप आता येईल, मग येईल, अशी त्या तिची वाट बघत होत्या, जशी कधी न पाहिलेल्या पाहुण्याची बघतात; आला तरी ओळखायचा कसा? मान दुखेना म्हणून चुकल्या-चुकल्यासारखं वाटत होतं. गोधडीखाली उजव्या हाताचा अंगठा आणि बोटं, कैची धरल्यासारखी, हळूहळू जवळ येत होती आणि लांब जात होती. त्यांनी डाव्या हाताने उजवा धरून ठेवला.

दाराशी पावलं वाजली. भागवत डोकावला. आशाबाईंनी चटकन डोळे मिटले आणि श्वास लांबवला.

"लागली," तो बाहेर जाऊन कुजबुजला. एवढ्या आनंदाने तो कित्येक वर्षांत बोलला नसेल. "थकली व माय. उठवू नको तिले."

"मी काऊन उठवू?" अन्नपूर्णाबाई तितक्याच हळू म्हणाल्या. "मी तं फोडणी बी नाई दिली अजून."

मग आशाबाईंना कूस बदलायचीही चोरी झाली. इतक्यांची मेहनत वाया जाऊ नये म्हणून त्या डोळे मिटून तशाच पडून राहिल्या. लुगड्यातून येणारी उन्हाची तिरीप गादीवरून भिंतीवर चढली, तरी हलल्या नाहीत.

शेवटी भागवतच चहाचा कप घेऊन आला आणि गादीच्या कडेला बसला. "लागली का वं झोप, बाई?"

आशाबाईंनी डोळे चोळले.

"लय," त्या म्हणाल्या. "वरून बर्फ पडला असता, तरी पत्ता नसता लागला."

"चिखलीत कायचा बर्फ पडते!" भागवत हसला आणि त्याने चहा बशीत ओतून त्यांच्यापुढे धरला.