मास्तरांचं माप

मी बोलतेय, खिडकीजवळच्या टेबलावरची कव्हर स्टिचची मशीन. जरा दम खाऊ द्या. आत्ताच एक बनियन संपवून टेकलेय.

माझं काम एकच. ताणणाऱ्या होजियरीच्या कापडाची कड दुमडून शिवायची. वरून दोन सरळ रेघा, खालून दोऱ्याची मऊ जाळी. कापड ताणलं की टाकाही ताणतो, तुटत नाही. साधी शिवण, काजं, बटणं, यातलं काही म्हणून मला येत नाही. कारखान्यात माझ्या थोरल्या बहिणी दिवसभर हेच करतात. मी घरगुती, धाकटी. माझ्या नशिबी हे घर आलं.

इथे दोनच माणसं, मास्तर आणि त्यांची लेक. मास्तरांनी जन्मभर लोकांचे कोट शिवले. आता अंगावरून वारं गेल्यामुळे अंथरुणाला खिळलेत. पडून पडून पाठीला जखम झाली. ड्रेसिंगला येणारी सिस्टर म्हणाली, "पाठीखाली जाड शिवण नको आणि कापडाची चुणी तर अजिबात नको. जखम हाडापर्यंत गेली तर कुणाच्या हातात काही राहणार नाही." म्हणून लेकीनं मला आणलं.

मला बघून मास्तर म्हणाले, "एवढं धूड, आणि काम एकच? मग हिला साहेबच म्हणायला पाहिजे!" राग आला, पण आजारी माणसाचं काय मनावर घ्यायचं!

लेकीनं माप विचारलं. "छाती चाळीस. शिंप्याला त्याचं माप विचारतेस होय?" तिनं चाळीसचं बनियन शिवलं. माझा टाका इतका सपाट, की बोट फिरवलं तरी लागू नये. तरी आठवड्यात जखम वाढली. झालं, खापर माझ्यावर फुटलं. सुया बदलल्या, दोरे बदलले, ताण सैल केला. "अडेलतट्टू कुठली!" म्हणून एक चापटही बसली.

अहो, टाक्यात काही नव्हतंच. बनियन ढगळ होत होतं आणि जास्तीचं कापड पाठीखाली गोळा होत होतं. सिस्टरनं एका सकाळी ते चिमटीत धरून विचारलंच, "माप कुणी घेतलंय हे?"

लेकीला दिसत नव्हतं असं नाही. रोज अंग पुसणारी ती. पण ज्या माणसानं स्वतःच्या मापाला कधी कुणाला हात लावू दिला नाही, त्याला 'बाबा, तुम्ही आटलात' हे कुठल्या तोंडानं सांगायचं? चार दिवस टेप तिच्या गळ्यातच राहिली. तिकडे जखमेला वास यायला लागला.

पाचव्या दिवशी मास्तरच खेकसले, "मिरवायला घातलीयेस का ती गळ्यात? लाव इकडे."

तिनं टेप छातीभोवती फिरवली. मास्तरांनी चष्मा मागितला. बऱ्या हाताचा अंगठा टेपेवर ठेवला, मान वाकवून वाचलं.

"तेहतीस. लिही."

"बाबा, जरा जास्त ओढली गेली असेल..."

"पन्नास वर्षं टेप धरलीय मी. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून माप वाढवत नसतात, पोरी. लिही तेहतीस."

तिनं लिहिलं. माझ्यापुढे बसली तेव्हा तिला सुईत दोरा ओवता येईना, डोळे सारखे भरून येत होते. मलाही फार वाईट वाटलं. त्या दिवशी मी एकही टाका सोडला नाही.

महिन्याभरात जखम भरली. सिस्टरला कोण आनंद! पण तेव्हापासून मास्तर दर महिन्याला स्वतःहून माप द्यायला लागले. पुढे बत्तीस झालं. आज एकतीस. "कापड वाचतंय बघ तुझं," असं वर तिलाच चिडवतात. ती आता रडत नाही. आकडा लिहिते आणि कापायला घेते.

मशीनला कसला आलाय थकवा, असं म्हणाल. पण मी थकलेय हो. एकाच माणसाचा घेर इंचाइंचानं कमी करत जायचं, हे काम कुणाच्या वाट्याला येऊ नये. तुमच्या घरात एखादं पोर असेल, कालपरवाचा सदरा आज आखूड झाला म्हणून भोकाड पसरत असेल, तर त्याला इकडे घेऊन या. एकदा तरी मला वाढत्या अंगाचं काहीतरी शिवू द्या.