आपोर्टच्या काड्या

नोव्हेंबरात डोंगरावरून वारा सुटला आणि मामंजींचं आपोर्ट सफरचंदाचं झाड मुळासकट आडवं झालं. त्यांच्या बापाने लावलेलं. तळगर गावाच्या आमच्या उतारावर अस्सल आपोर्ट मग एकाच अंगणात उरला, शेजारच्या तोक्तासिनकाकांच्या. तो आमच्याच फांदीचा, आणि तीही न विचारता नेलेली. तीस वर्षं मामंजी त्यांना चोर म्हणत आले होते.

पडल्या झाडाच्या काड्या कापून मामंजींनी तळघरात ठेवल्या, पेंढ्यात मांडलेल्या सफरचंदांशेजारीच. वसंतात त्यांची रानटी रोपांवर कलमं करायची होती. काकांनी कुंपणावरून मला हटकलं, "सूनबाई, पिकत्या फळाशेजारी काडीचे डोळे मरतात. बर्फात पुरायला सांग त्याला." मी सांगितलं. मामंजी म्हणाले, चोराने आम्हाला शहाणपण शिकवू नये. काड्या होत्या तिथेच राहिल्या. मामंजींपुढे बोलायची आमच्या घरात कुणाची छाती नाही, माझी तर नाहीच.

एप्रिलात त्यांनी काडीवर सुरी फिरवली. साल आतून तपकिरी. दुसरी तशीच, तिसरी तशीच. बापाचं वाण आपल्याच हाताने गेलं म्हणाले आणि पायरीवर बसून राहिले. चहा निवून गेला. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

दुपारी ते उठून कुंपणाशी गेले. मीही मागोमाग गेले. पलीकडे काका भिंतीच्या सावलीतला उरलासुरला बर्फ उकरत होते. भुशाखालून काड्यांची जुडी निघाली, सालीवर तजेला असलेली. एवढ्या काड्या त्यांना स्वतःसाठी कशाला लागणार होत्या?

मामंजींनी कुंपण दोन्ही हातांनी धरलं. मग म्हणाले, "माझी फांदी दे."

"मागून घेतलेलं कलम लागत नाही," काका म्हणाले. "मी मागितली होती का? चोरून ने. कुत्रा बांधतो."

त्यांनी खरंच कुत्रा बांधला, जुडी कुंपणालगत ठेवली आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

मामंजींनी काठी माझ्या हातात दिली आणि पंचाहत्तरी उलटलेला तो माणूस कुंपणावर चढला. एक पाय अलीकडे, एक पलीकडे, आणि तिथेच अडकला. मी पुढे झाले तर त्यांनी मला डोळ्यांनीच थांबवलं.

"चोरा," ते म्हणाले, "हात दे जरा."

काकांनी न वळताच हात मागे केला.