माणशी लाखाच्या आत

पुंडलिकरावांना व्हिएतनाम हा देश दालचिनीमुळे माहीत होता, आणि त्याच्याबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. जाड साल, वास बेताचा, भाव मात्र गिऱ्हाइकाला परवडणारा. देवळीत त्यांचं किराणा दुकान अडतीस वर्षांचं होतं आणि तो माल ते 'हलका' म्हणूनच विकत. त्यामुळे आचलने, त्यांच्या मुलीने, तिकडे पाठीवर पिशवी टाकून पंचेचाळीस दिवस फिरायला जायचं म्हटलं तेव्हा त्यांना राग आला नाही. वाईट वाटलं.

आचल सव्वीस वर्षांची. वर्ध्याच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवायची. तासिका एप्रिलात संपत आणि जुलैत सुरू होत. मधल्या काळात ती कॉलेजच्या लेखी नसेच. या नसण्याच्या काळात कुठेतरी असावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. पैसे तिने स्वतः साठवले होते. त्यामुळे बापाची अडचण वाढली होती.

आता सरळ 'नाही' म्हणता आलं असतं. पण पुंडलिकरावांनी उभ्या जन्मात गिऱ्हाइकाला नाही म्हटलं नव्हतं. त्यांची रीत वेगळी. माल द्यायचा नसला की भाव असा सांगायचा, की गिऱ्हाईक आपणच उठून जातं. पापही लागत नाही आणि संबंधही राहतात.

"किती लागते म्हन्ते?" त्यांनी गल्ल्यावरून विचारलं.

"लाखाच्या आत होते, बाबा."

"लाखाच्या आत!" समोरच्या कापड दुकानाचे लक्ष्मणराव तिथे रोजच्या चहाला बसले होते, त्यांच्याकडे पाहून पुंडलिकराव हसले. "बसवून दाखव. सारं धरून हं, मी तपासीन. माणशी लाखाच्या वर एक रुपया गेला तं नाव काढू नको. अन् आत बसलं तं मी स्वतः तुले इमानापर्यंत सोडून देतो."

"बोली झाली, पुंडलिकभाऊ," लक्ष्मणराव बशीत चहा ओतत म्हणाले. "मी आयकलं हाय."

'माणशी' हा शब्द पुंडलिकरावांच्या तोंडून सवयीने गेला. गोणीमागे, डब्यामागे, पेटीमागे असं बोलणाऱ्या माणसाचं तोंड आणखी काय बोलणार? त्या वेळी कोणाच्या लक्षात आलं नाही. निदान पुंडलिकरावांच्या तरी.

रविवारी दुपारी दुकान बंद असताना आचलने कागद पुढे ठेवला. विमान जाऊन येऊन चोवीस हजार, व्हिसा बावीसशे, विमा अठराशे, जेवण रोजचं चारशे, तिकडच्या बसगाड्या बारा हजार, झोपायला रोजचे साडेचारशे, वरखर्च पावणेसहा हजार. बेरीज चौऱ्याऐंशी हजार.

पुंडलिकरावांनी बेरीज दोनदा तपासली. बरोबर निघाली, म्हणून त्यांनी चष्मा पुसला.

"साडेचारशेत खोली?"

"खोली नाई, पलंग. एका खोलीत आठ पलंग राह्यतात."

"अन् बाकीच्या सात पलंगांवर?"

"पोरीच, बाबा. जगभराच्या."

"मंग तं धर्मशाळा झाली. पुंडलिकची पोरगी धर्मशाळेत नाई झोपत. पूर्ण खोली धर."

पूर्ण खोली नऊशेला होती. पंचेचाळीस दिवसांचे सव्वावीस हजार वाढले आणि आकडा एक लाख चार हजार अडीचशेवर गेला. सौदा इथेच तुटला होता. पण पुंडलिकराव कच्चं काम करणारे नव्हते.

"आता खाऊ."

"कसला खाऊ?"

"तू परमुलखातून येशीन अन् लोकाच्या घरी रिकाम्या हातानं जाशीन काय वं? आपली बासष्ट घरं हायेत. घरामागं दोनशे. बारा हजार चारशे." त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. "अन् मावंदं."

"मावंदं?" आचल म्हणाली. "ते तं तीर्थयात्रेहून आल्यावर घालतात."

"लक्ष्मणरावाची माय काशीहून आली तं तिनं दोनशे पानं उठवली. काशी इथून किती दूर हाय? अन् तू समुद्रापार जाऊन येशीन अन् आमी गुपचूप बसू? लोकं म्हन्तीन, पोरगी पळून गेलती." मावंद्याचे सव्वीस हजार त्यांनी भीत भीत लिहिले, कारण दोनशे पानांना ते कमीच होते. "बुंदी आपल्या दुकानच्या बेसनाची धरली हाय. सवलत."

एक लाख बेचाळीस हजार सहाशे पन्नास. परदेशापेक्षा देवळीला परत येणं महाग पडत होतं, हे आचलने बोलून दाखवलं. पुंडलिकराव म्हणाले, ते तर सगळ्यांनाच पडतं. आणि समाधानाने आडवे झाले.

पुढचा आठवडा आचल काही बोलली नाही. पुंडलिकरावांनी लक्ष्मणरावांना सांगून टाकलं, गिऱ्हाईक उठलं म्हणून. एका ठिकाणी मुलीचा बायोडाटाही धाडायचं ठरवलं.

दुसऱ्या रविवारी कागद परत आला. या वेळी त्यावर दोन रकाने होते.

"हे दुसरं कोण?"

"आई."

देवकाबाई दारात बसून ज्वारी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"बाबा, तुमी माणशी म्हनलं होतं," आचल म्हणाली. "खोली दोघींत नऊशेचीच राह्यते, माणशी साडेचारशे. खाऊ दोघींत एकच. मावंदंही एकच, बुंदी काय दोनदा पाडाची हाय?"

थोक घेतलं की भाव उतरतो, हे देवळीला शिकवण्यात ज्यांची अडतीस वर्षं गेली होती, ते पुंडलिकराव कागदाकडे पाहत राहिले. मग त्यांनी बेरीज केली, आणि चेहरा उजळला.

"एक लाख तीन हजार दोनशे. बत्तीसशे रुपये जास्त. हुकलं!"

"जेवणाचे चारशे कशाले धरले?" देवकाबाई ज्वारीशी बोलल्यासारख्या बोलल्या. "छोटा कुकर नेतो. एका टायमाची खिचडी खोलीतच लावीन. रोजचे शंभर माणशी वाचतात."

पंचेचाळीस दिवसांचे साडेचार हजार. अठ्ठ्याण्णव हजार सातशे.

"अन् तुझे पैसे?"

"भिशी उठली."

"पासपोट?"

देवकाबाई उठल्या आणि रेशनकार्डाच्या डब्यातून निळी वही काढून आणली. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या स्वप्निलला, म्हणजे थोरल्या मुलाला, कंपनी मस्कतला पाठवणार होती. त्याने सगळ्यांना पासपोर्ट काढून ठेवा म्हटलं होतं. मायलेकी वर्ध्याला जाऊन काढून आल्या. पुंडलिकराव गेले नाहीत, कारण त्या दिवशी साखरेचा ट्रक यायचा होता. कंपनीने स्वप्निलला पुण्यातच ठेवलं. साखर विकून झाली. वही राहिली.

"अन् माह्यं इथं?" पुंडलिकरावांनी विचारलं. आवाजात तक्रार नव्हती, चौकशी होती.

"तुमचं काय? तुमी तं दुकानातच राह्यता," देवकाबाई म्हणाल्या.

सोमवारी गल्ल्यावर बसून पुंडलिकरावांनी चहाच्या पुड्याच्या मागच्या बाजूला स्वतःचं बजेट मांडलं. दोन वेळचा डबा एकशे साठ. सकाळचा नाश्ता चाळीस. घरी ते दिवसातून सात चहा घेत, त्यांचे बाहेर सत्तर. धुणं-भांडीवाली बाई चाळीस. संध्याकाळी काहीतरी चटकमटक लागतं, त्याचे पन्नास. बेरीज तीनशे साठ. त्यांनी पुडा उलटा ठेवला, पुन्हा सुलटा केला. परमुलखात माणसाचं पोट तीनशेत भरत होतं आणि त्यांना स्वतःच्या गावात, स्वतःच्या घरात, किराणा दुकानाचा मालक असून, तीनशे साठ लागत होते. शिवाय बोलायला कोणी नाही. त्याचा भाव त्यांना लावता आला नाही, म्हणून तो त्यांनी धरला नाही.

बुधवारी जेवताना त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि तो तसाच हातात धरून विचारलं, "खोली तिघांत किती पडते?"

"तीनशे," आचल म्हणाली. "ते खाली एक गादी टाकून देतात म्हने. फुकट."

"गादीवर कोण?"

देवकाबाईंनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

"सारं धरून माणशी?"

"पंच्याऐंशी हजार साडेपाचशे."

इतक्या झटकन हिशोब होत नसतो, हे पुंडलिकरावांना कळत होतं. त्यांनी कागद मागितला. तिसरा रकाना होता, पेन्सिलने लिहिलेला. ते लिहिणं आजचं दिसत नव्हतं.

"मले पासपोट नाई," ते म्हणाले.

"शुक्रवारी साडेनऊची वेळ हाय वर्ध्याले," देवकाबाईंनी वरण वाढलं. "आधार कार्ड तुमच्या निळ्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं हाय. पांढरा घालून जाऊ नका, फोटोत भूत दिसान. निळाच घालजा."

शुक्रवारी सकाळी पुंडलिकराव निळा सदरा घालून दुकानापुढे उभे होते. आत गल्ल्यावर पुतण्या धीरज बसला होता. याच धीरजच्या हाती त्यांनी आजवर दुकान पंचेचाळीस मिनिटंसुद्धा दिलं नव्हतं. त्याला ते जिऱ्याचा डबा दाखवत होते, जो अडतीस वर्षं त्याच जागी होता.

लक्ष्मणराव रस्ता ओलांडून आले. "काऊन भाऊ, सकाळी सकाळी कुठं?"

"वर्ध्याले. पासपोटच्या कामानं."

"तुमी बी? पोरीचा बेत मोडून राह्यले होते ना तुमी?"

"कोण मोडते? बोली म्हन्जे बोली." पुंडलिकरावांनी पिशवीतले कागद पुन्हा एकदा चाचपले. "पण मी नाई गेलो तं त्या दोघींले महाग पडते. मी गेलो की माणशी तेरा हजार वाचतात. एवढं नुकसान कोण सहन करन? शिवाय दालचिनीचा भाव जागेवर पाहून येतो."

लक्ष्मणराव कापडाचे व्यापारी. ते बोटांवर काहीतरी मोजू लागले.

"म्हन्जे एकूण किती लागून राह्यले?"

तेवढ्यात वर्ध्याची बस आली. पुंडलिकराव पायरीवर चढले, दांडा धरला आणि मागे वळून म्हणाले,

"लक्ष्मणराव, थोक घेणाऱ्यानं एकूण पाहू नाई."